भिंत नसलेलं मैदान

आमच्या फुटबॉल लीगच्या निवड समितीनं मला फसवलं, आणि माझ्या तोंडून सोनिवलीच्या एका घराला फसवलं. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते. नंतर कुणी "गैरसमज झाला असेल, ताई" म्हणू नये.

पहिल्या मॅचचं सोळावं मिनिट होतं. चेंडू आमच्या तेजसकडे आला. तेजस म्हणजे त्या वर्षी आठही टीममधून पहिल्या नंबरवर निवडला गेलेला खेळाडू, वय एकोणीस. बघायला आलेली निम्मी माणसं त्याच्यासाठी आली होती. समोरून एक दांडगा बचावपटू धावत आला. तेजसनं चेंडू उजव्या हाताच्या रेषेकडे मारला आणि स्वतः त्या बचावपटूच्या डावीकडून वाऱ्यासारखा पुढे निघून गेला. सुरेख. फक्त चेंडू रेषेबाहेर गेला. तिथून घरंगळत चहावाल्याच्या स्टुलापाशी जाऊन थांबला.

आणि तेजस मैदानात उभा होता. मान उजवीकडे, पाय किंचित उचललेला. वाट बघत.

आधी मला वाटलं पाय मुरगळला. लोक हसायला लागले. समोरच्या टीमनं थ्रो घेतला तरी याचं तोंड त्या रेषेकडेच.

हाफटाइमला मी त्याला बाजूला घेतलं.

"काय करत होतास रे?"

"सॉरी मॅडम. बॉल परत येईल असं वाटलं."

"कुठून परत येईल?"

त्यानं रेषेकडे बोट केलं आणि ते अर्ध्यातच खाली घेतलं. "भिंतीवरून," तो म्हणाला.

मी भांडकुदळ बाई आहे, तोंडात शब्द तयार असतात. त्या वेळी मी नुसती पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

मी मूळची फुटबॉलमधली नाही. दहावी नापास झाले आणि उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागले. मग स्वतःच्या दोन मशीन घेतल्या, मग दहा. मग टीमच्या जर्सी शिवायला लागले. कापडाचं थान उलगडून उजेडात धरल्याशिवाय मी आजवर घेतलेलं नाही. हीच गोष्ट मनोहरसेठना आवडली. ते बदलापूरचे बिल्डर. लीग सुरू झाली तेव्हा त्यांनी एक टीम घेतली आणि मला म्हणाले, "सुनंदा, खेळ कोच बघेल. खेळाडू तू निवड. तुला आजपर्यंत कोणी गंडवलं नाही." अशी मी टीम मॅनेजर झाले.

आमच्या लीगमध्ये लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. समिती ट्रायल घेते, प्रत्येक खेळाडूचा एक मार्कांचा कागद बनवते, आणि मग टीम पाळीपाळीनं नावं उचलतात. पाळी चिठ्ठीनं ठरते. बोली लावायची नाही. माझ्यासारखीला हे म्हणजे तोंडाला पट्टी बांधून बाजारात सोडल्यासारखं. माझी चिठ्ठी सहावी आली. पण नियमात एक फट होती. पाळ्यांची अदलाबदल चालत होती. पहिली पाळी अंबरनाथच्या एका टीमकडे होती. त्यांच्या मॅनेजरला मी तीन दिवस पिळलं. शेवटी माझी सहावी पाळी आणि पुढच्या दोन फेऱ्यांतल्या माझ्या पाळ्या त्याला दिल्या, आणि पहिली पाळी घेतली. फक्त तेजससाठी.

कारण त्याचा कागद तसाच होता. ताबा, वेग, पासिंग, शूटिंग, सगळीकडे वरचे मार्क. खाली शेरा: पूर्ण मैदानावर चाचणी, सर्वोत्तम खेळाडू. ट्रायलला मॅनेजर लोकांना येऊ देत नव्हते. "तुम्ही आलात की दबाव येतो," असं समितीचे अध्यक्ष कर्णिक सर म्हणाले होते. कर्णिक सर शाळेत खेळाचे शिक्षक होते, रिटायर झालेले. मान होता त्यांना. त्यांची सही म्हणजे पक्का शिक्का.

आता मुख्य गोष्ट. तेजसच्या हातात तेव्हा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीचं अप्रेंटिसचं लेटर होतं. दोन वर्षं शिकायचं, मग कायम व्हायची बऱ्यापैकी खात्री. हजर व्हायची तारीख आणि आमच्या सरावाच्या कॅम्पची तारीख एकच. दोन्हींतलं एकच होणार होतं.

मी सोनिवलीला त्यांच्या घरी गेले. त्याचे वडील काशिनाथकाका. थोडी शेती उरलेली, बाकीच्या जागेवर आता इमारती. अंगणात खुर्ची टाकून दिली मला.

"ताई, कंपनीचा लेटर आयलाय. तो सोरून पोराला बॉलच्या मागं धारू?"

"काका, दोन सीझनचा करार आहे. मोठ्या क्लबचे लोक बघायला येणार आहेत. कंपनी काय, पुढच्या वर्षीही असेल."

"करारात काय काय लिवलाय?"

मी सगळं वाचून दाखवलं. पाच मॅचनंतर टीमला वाटलं तर खेळाडूला मोकळं करता येईल, हे कलमही दाखवलं. मी लपवत नाही काही. "पण ते कच्च्या खेळाडूंसाठी असतं," मी म्हणाले. "हा पहिला आहे."

काकांनी कराराची पानं एकदा उलटून बघितली. मग म्हणाले, "ताई, मी एकच इचारतो. पोर खरंच पयला हाय ना? का तुमी बोलता म्हून पयला?"

"माझं सोडा, काका. समितीचा कागद आहे." मी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सुलटा धरला, सही बघितली आणि मला परत दिला. दुसऱ्या दिवशी तेजस कॅम्पला आला.

आमचे कोच नायर सर अंबरनाथचे. बापाच्या काळापासून फुटबॉल. पहिल्याच दिवशी त्यांनी मोठं मैदान मागितलं. मैदान मिळेना. एक दिवस सभा, एक दिवस क्रिकेटची टुर्नामेंट, एक दिवस लग्नाचा मंडप. आमच्या भागात मोठं मैदान मोकळं सापडणं आणि गच्चीवर विहीर सापडणं सारखंच. शेवटी मी पालेगावात एक टर्फ ठरवलं. टर्फ म्हणजे प्लास्टिकच्या हिरवळीचं छोटं मैदान. कडेनं दोन फूट भिंत, वर जाळी. शेतं विकली तिथे इमारती आल्या, उरली तिथे टर्फ आले. सकाळचे स्लॉट मी घासाघीस करून घेतले. स्वतःवर खूश होते.

तिथे तेजस काय खेळायचा! भिंतीवर चेंडू मारायचा आणि समोरच्याला वळसा घालून स्वतःच पुढे जाऊन घ्यायचा. एकटाच दोघांचा खेळ खेळायचा. मी मोबाइलवर काढून सेठना पाठवायचे. सेठ अंगठा पाठवायचे. नायर सर मात्र एकदा म्हणाले, "मॅडम, ग्राउंड द्या मला. इकडे मला काही कळत नाही."

"सर, पोरगा डोळ्यांसमोर चमकतोय आणि तुम्हाला कळत नाही?"

ते चेंडू गोळा करायला गेले. टर्फवरच सराव केला ही माझी चूक. ती मी मान्य करते, लिहून देते. समितीनं आपली चूक अजून लिहून दिलेली नाही.

पहिल्या मॅचनंतर नायर सरांनी मला मैदानाच्या मधोमध नेऊन उभं केलं. "इथून रेषा किती लांब आहे बघा. टर्फवर सहा पावलांत भिंत. हा मुलगा सहा पावलं पळून भिंत शोधतो. भिंत नाही. मग कुणाला पास द्यायचा? त्यानं आयुष्यात कधी मान वर करून माणूस शोधलाच नाही. भिंत कुठे जाते? तिथेच असते."

"म्हणजे खेळाडू वाईट आहे?"

"वाईट नाही. हा दुसरा गेम खेळतो. सहा महिने द्या, मी शिकवतो."

"पाच मॅच आहेत, सर."

दुसऱ्या मॅचला त्यानं चार वेळा चेंडू बाहेर मारला. दर वेळी मारल्या मारल्या त्याला कळायचं आणि तो डोकं धरायचा. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ए पहिला नंबर, भिंत घरून घेऊन ये!" तिसऱ्या मॅचला तो चेंडू मागायलाच घाबरायला लागला. चौथीला नायर सरांनी त्याला बाकावर बसवलं.

आमच्या बाकावर पहिल्या फेरीतला हा एक जण होता. पण मी बाकी टीमचे बाक बघायला लागले आणि हादरले. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत उचललेल्या आठ जणांपैकी पाच जण बाकावर होते. आठातले पाच! आणि चौथ्या-पाचव्या फेरीत कुणी नाइलाजानं उचललेली पोरं मैदानात धावत होती. एक टीम चुकली तर मॅनेजर मूर्ख. सगळ्याच टीम चुकल्या तर माल जिथून आला तिथे बघायचं. हे मला पाच नंबर कॅम्पनं शिकवलंय.

घरी येऊन मी तेजसचा कागद काढला. शंभर वेळा मार्क वाचले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वरची ओळ वाचली. ठिकाण आणि तारीख.

मी कागद दिव्याखाली धरून ती परत वाचली.

त्या तारखेला त्या मैदानावर फुटबॉल खेळणं शक्यच नव्हतं. तिथे आठवडाभर घरगुती वस्तूंचं प्रदर्शन होतं. मिक्सर, चादरी, लोणची. हे मला कुणी सांगायला नको. त्या प्रदर्शनात माझा टी-शर्टचा स्टॉल होता. बरोबर गोलपोस्टसमोर. बॅनरची दोरी मी स्वतः गोलच्या खांबाला बांधली होती. आणि तोच कागद मी हातात घेऊन फिरले, पाळ्या दिल्या, एका बापापुढे धरला. थान उजेडात धरणारी मी, वरची एक ओळ वाचली नाही.

मी थेट कर्णिक सरांच्या घरी गेले. कागद टेबलावर ठेवला.

"सर, ट्रायल कुठे झाली?"

"लिहिलंय की."

"तिथे त्या दिवशी मी टी-शर्ट विकत होते, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मैदान मिळालं नाही. मग टर्फवर घेतली. आधी छापलेले फॉर्म होते, त्यात ठिकाण तेच होतं."

"आणि 'पूर्ण मैदानावर चाचणी'? तेही छापलेलं?"

"मॅडम, टर्फ पण मैदानच असतं. आणि सगळ्यांचीच ट्रायल तिथे झाली. मग अन्याय कुणावर?"

मी आवाज चढवला, ते मान्य करते. "ज्याला भिंत येत होती तो पहिला आला, आणि ज्याला फुटबॉल येत होता तो चौथ्या फेरीत गेला! मग तुम्ही मॅनेजर लोकांना ट्रायलला का येऊ दिलं नाही?"

"दबाव येतो."

"दबाव नाही, सर. भिंत दिसली असती."

आतून त्यांच्या बायकोनं पाणी आणलं. मी प्यायले नाही. ते म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका. खेळात असं होतं." त्या वाक्यानं माझं डोकं जे फिरलं, ते अजून ताळ्यावर नाही.

पाचव्या मॅचला मी आणि नायर सरांनी हट्टानं तेजसला शेवटची वीस मिनिटं उतरवलं. एकदा, फक्त एकदा, त्यानं चेंडू थांबवला, मान वर केली, लांब डाव्या टोकाला आपला माणूस बघितला आणि चाळीस पावलांचा पास अचूक त्याच्या पायात दिला. नायर सरांनी माझा दंड दाबला. "बघितलं? येतंय त्याला."

मी सेठना फोन केला. "सेठ, एक सीझन द्या. मी बोलतेय ना."

"सुनंदा, तू बोलली म्हणून तर घेतला. लोक माझ्यावर हसतात. पाच झाल्या. मोकळा कर."

"सेठ, कंपनी सोडून आलाय तो."

"कागद कोणी बघितला होता? मी?"

आयुष्यात पहिल्यांदा घासाघिशीत माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

मोकळं केल्याचं पत्र घेऊन मीच सोनिवलीला गेले. पोस्टानं पाठवायचं नाही, एवढं तरी. त्याआधी कंपनीत जाऊन आले होते. तेजसची जागा भरली होती. पुढच्या भरतीचं तिथे कुणी काही सांगेना. कंपनी पुढच्या वर्षीही असेल, हे माझं म्हणणं खरं ठरलं. कंपनी होती.

काशिनाथकाकांनी तीच खुर्ची टाकली. मी टर्फचं, प्रदर्शनाचं, फॉर्मचं, सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं.

"ताई," ते म्हणाले, "मी तुमाला एकच इचारला व्हता."

तेजस दारात उभा होता. मला म्हणाला, "जाने दो, मॅडम. तुमची काय चूक." ते ऐकवेना म्हणून मी उठले.

माझ्या धंद्यात एक साधा नियम आहे. सँपल चांगलं निघालं म्हणून लॉट घ्यायचा नसतो. सँपल कोणत्या मशीनवर शिवलं आणि लॉट कोणत्या मशीनवर शिवला जाणार, ते विचारायचं असतं. खेळाडू निवडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पण शिकवण मला नको आहे, मला उत्तर हवंय. तीन पत्रं मी समितीला लिहिली, एकाचंही आलं नाही. कर्णिक सर यंदाही अध्यक्ष आहेत. फॉर्म यंदाही छापून आलेत, ठिकाणासकट. तेव्हा सगळ्यांसमोर सांगते. सर, मला उत्तर देऊ नका, मी चार शिव्या घालून मोकळी होईन. सोनिवलीला जा. त्या अंगणात त्या खुर्चीवर बसा, आणि तो एकच प्रश्न काकांना परत विचारू द्या. कधीही जा. काका घरीच असतात. आता तेजसही घरीच असतो.