आल्मा फेनस्ट्राची पोचपावती

आमच्या झीलंड गावात आल्मा फेनस्ट्राला खोटारडी म्हणायची छाती कुणाची झाली नव्हती. ती झाली आमच्या मालकांची, मार्विन होकस्ट्रांची, आणि तीही कॉफीच्या सुट्टीत, सगळ्या कारखान्यासमोर. मी झाडू शिवायच्या यंत्रावरून नुकतीच उठले होते. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

आमचा कारखाना झाडूंचा आणि ब्रशांचा. निम्म्याहून जास्त माल शेजारच्या ओहायो राज्यातल्या एका बड्या दुकानवाल्यांकडे जायचा. माल रवाना करायचं टेबल आल्माकडे. दुकानवाल्यांचा नियम असा, की ट्रक गोदामाशी पोचायच्या आधी त्याची वर्दी त्यांच्या कॉम्प्युटरला पोचली पाहिजे. खोकी किती, आत काय, कुठल्या ट्रकमध्ये. नियमात वावगं काही नव्हतं. पण वर्दी थेट त्यांना धाडायची सोय नव्हती. मध्ये एक खासगी नेटवर्कवाली कंपनी बसली होती. आपण वर्दी तिच्या कॉम्प्युटरवरच्या पेटीत टाकायची, तिने ती दुकानवाल्यांच्या नेटवर्ककडे सरकवायची, आणि तिथून त्यांनी उचलायची. वर ही कंपनी अक्षरांवर पैसे लावायची. जितकी अक्षरं तितकं बिल! मालक म्हणायचे, "आल्मा, शब्द आखूड कर." शेवटी झाडूंची नावं इतकी आखडली, की कुठला झाडू कुठला ते तिच्याशिवाय कुणाला कळेना.

एका फेब्रुवारीत आर्नी बोर्स्मा, आमचा ड्रायव्हर, भरलेला ट्रक तसाच परत घेऊन आला. साठी उलटलेला माणूस, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, बर्फातून गेला आणि बर्फातूनच आला.

"फाटकावरून हाकललं," तो मोजे हीटरवर वाळत घालत म्हणाला. "म्हणे, वर्दी आली नाही. मी म्हटलं, अरे बाबा, माल माझ्या मागे उभा आहे, दार उघडून बघ की! तर म्हणतो, कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे नाही. संडासालासुद्धा आत सोडलं नाही, आल्मा."

आल्माने वर्दी आदल्या दिवशीच धाडली होती. तिच्या पडद्यावर 'रवाना' असं दिसत होतं. तिने नेटवर्कवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, आम्ही पुढे दिली. दुकानवाल्यांना लावला. ते म्हणाले, आम्हाला मिळाली नाही. मग गेली कुठे? ते सांगायला दोघेही बांधील नव्हते. दंड मात्र आमच्या बिलातून कापून घेतला.

पुन्हा तेच झालं, आणि मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मालक कॉफीच्या सुट्टीत आले, हातातला कागद टेबलावर आपटला आणि म्हणाले, "आल्मा, खरं सांग. बटण दाबायला विसरतेस आणि मग सारवासारव करतेस ना?"

आल्माचे कान लाल झाले. "मार्विन, मी धाडली होती."

"मग त्यांना का मिळत नाही? एवढी मोठी कंपनी खोटं बोलते आणि तू तेवढी खरी?"

दुसऱ्या दिवशी टेबल गेलं मालकांच्या जावयाकडे, आणि आल्मा खाली आमच्यात, खोकी बांधायला. पण तिने गप्प बसायचं नाकारलं. घरून स्वतःच्या नावाने दुकानवाल्यांना पत्र लिहिलं: आता घरोघरी इंटरनेट आहे, तर वर्दी थेट तुम्हाला का पाठवू नये, आणि मिळाल्याची पोच तुम्ही का देऊ नये? उत्तर आलं दोन ओळींचं. इंटरनेट सुरक्षित नाही, खासगी नेटवर्क भरवशाचं आहे, आपल्या सूचनेबद्दल आभार.

"भरवशाचं!" आल्मा खोक्यावर चिकटपट्टी अशी ओढायची, जणू कुणाचं तोंड बंद करते आहे.

महिनाभरात जावयाच्या हातूनही एक वर्दी हरवली. आर्नी पुन्हा परत आला. मालकांना काय समजायचं ते समजलं. ते खाली आले आणि हळूच म्हणाले, "आल्मा, सोमवारपासून वर ये."

"येईन," ती म्हणाली. "जे सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोर मागे घ्या. त्याच सुट्टीत, तेवढ्याच मोठ्याने."

मालक खाकरले, इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेले. आल्मा दोन वर्षं खोकी बांधत राहिली. नवरा म्हणायचा, सोडून दे गं आता. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी क्षमेबद्दल सांगितलं, की ती माझ्या कानाशी पुटपुटायची, "आधी चूक कबूल करायला सांगा म्हणावं."

मग दुकानवाल्यांचं गुळगुळीत कागदावरचं परिपत्रक आलं. आता सर्व कागदपत्रं इंटरनेटवरूनच घेतली जातील. मजकूर कुलूपबंद जाईल, आणि मिळताक्षणी त्यांचं यंत्र सहीची पोच परत धाडेल. इंटरनेट अधिक सुरक्षित आणि स्वस्त आहे. जे पुरवठादार वेळेत बदलणार नाहीत, त्यांना दंड!

"दंड!" आल्मा ओरडली. "मी विचारलं तेव्हा असुरक्षित, आणि आता यांनाच सुचलं म्हणून सुरक्षित? आणि दंड पुन्हा आम्हालाच?"

जावयाने नव्या भानगडीतून हात झटकले. तेव्हा कुठे मालक कॉफीच्या सुट्टीत आले. टोपी काढून म्हणाले, "त्या वेळी मी आल्माला बोललो, ते चुकीचं होतं."

"मागे ऐकू आलं नाही," आर्नी म्हणाला.

मालकांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. आल्माने हातमोजे काढले आणि जिना चढली.

नव्या सोयीत वर्दी गेली की लगेच पोच यायची. तरी त्या हिवाळ्यात दुकानवाल्यांनी एक दंड लावलाच: वर्दी मिळाली नाही. आल्माने त्यांच्याच सहीची पोच त्यांना धाडली. दंड रद्द झाला. सोबत एकच ओळ होती: प्रकरण बंद.

"माफ करा, एवढंही नाही," म्हणत तिने दुकानवाल्यांना फोन लावला. मी बिलं द्यायला वर गेले होते, म्हणून ऐकलं.

"आणि जुने दंड, बाई? ते कधी परत करताय?"

पलीकडची बाई म्हणाली, त्या वेळचा पुरावा असेल तर पाठवा.

"पुरावा मिळायची सोयच तुम्ही ठेवली नव्हती!" आल्माचा आवाज खालपर्यंत गेला असेल. "आमच्या आर्नीला तुम्ही बर्फात उभं केलं. पैसे ठेवा तुमच्याकडे. त्याला एक माफीचं पत्र लिहा."

"तशा पत्राचा आमच्याकडे नमुना नाही, मॅडम," ती बाई म्हणाली.

पत्र आलं नाही. दंडाचे पैसेही आले नाहीत. ती नेटवर्क कंपनी म्हणे दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली, आणि नव्या मालकांना जुन्याचं काही देणंघेणं नव्हतं. आल्मा निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर राहिली. पुढे त्या दुकानवाल्यांनी आमच्या गावाबाहेर मोठं दुकान काढलं. सगळं झीलंड तिथे जातं, मीही जाते. आल्मा साबणाच्या वडीसाठीसुद्धा गाडी काढून थेट शेजारच्या हॉलंड गावाला जाते. नवरा शेजारी बसून पेट्रोलच्या नावाने कुरकुरतो आणि ती त्याला म्हणते, "मग उतर आणि चालत ये."