बहाद्दरची वाढ

आता काय सांगू, आणि कोणत्या तोंडानं सांगू! कुत्र्याची उंची वाढवायला गेलो आणि जुळत आलेली सोयरीक घालवून बसलो. हसू नका. आधी तो चहा प्या, गार होतोय.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई. जमीनजुमला बरा, घर खाऊनपिऊन सुखी, पण उंचीच्या बाबतीत देवानं माझ्या वेळी हात आखडता घेतलेला. वडील ताडमाड होते, चुलते तसेच, आणि त्यांच्यात मी! दोन सोयरिकी यापायीच फिसकटल्या. एका मुलीच्या बापानं तर मला पाहून आईला विचारलं, "अन् थोरला कुठं गेला?" थोरला मीच होतो हो!

तिसरं स्थळ आलं धावड्याचं. मुलीचे वडील पाटील आणि सशाच्या शिकारीचे भलते शौकीन. मी लगेच निरोप धाडला, "आमच्या घरी कारवानी पिल्लू हाय. असं कुत्रं उभ्या भोकरदन तालुक्यात न्हाई." माझा हिशेब सोपा होता. माणूस कुत्र्याकडं बघत राहिला, तर माझ्याकडं कशाला बघेल?

कारवानी म्हणजे काय ठाऊक आहे ना? लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, पळत्या सशाला गाठणारं कुत्रं. पण आमचा बहाद्दर! त्याची भावंडं गुडघ्याच्या वर गेली आणि हा अजून पोटरीशीच. तीही माझी पोटरी, म्हणजे तुम्हीच बघा!

मग माझ्या जिवाला चैन कुठलं? उठलो की बहाद्दरला चौकटीपाशी उभा करायचा आणि कोळशानं खूण करायची. जेवता जेवता मधेच उठून परत मोजायचा. निजला असला तर उठवून मोजायचा. वाढेल म्हणून देवळापर्यंत पळवायचा, पळून आला की दूध पाजायचं, दूध प्याला की पुन्हा चौकटीपाशी! ते बिचारं मला पाहिलं की आपणहून चौकटीला जाऊन उभं राहायला लागलं.

शेजारी बन्सीशेठ राहायचे. मारवाडी दुकानदार, पण पिढ्यान् पिढ्या इथलेच. ते म्हणाले, "अरे रामराव, सगळ्यात मागून जन्मलेलं पिल्लू ते. भावंडांनी दूध ओढलं, याच्या वाट्याला आलंच काय? बिलकुल सीधी गोष्ट हाय."

पण सीधी गोष्ट पटेल तर तो मी कसला?

आईनं वेगळंच काढलं. "उंबऱ्यात निजून राह्यलंय ते. जो येतो तो वलांडून जातो. वाढंल कसं? ज्यानं वलांडलं त्यानं उलट्या दिशेनं परत वलांडावं, मंग उतरतं."

घ्या! आणि पाव्हणे त्याच दिवशी दुपारी यायचे होते.

मी गावभर पळालो. आमच्या घरी कोण कोण येऊन गेलं, सगळ्यांना गोळा केलं. गडी आले, पाणी भरणाऱ्या बाया आल्या, बन्सीशेठही आले, "जल्दी कर, दुकान उघडं टाकून आलोय," असं म्हणत. सगळे घरात उभे केले. आता एकेकानं बहाद्दरला ओलांडून बाहेर जायचं. पण बहाद्दर निजेल तर शपथ! दाराशी नेला की तो आपला चौकटीला टेकून ताठ उभा.

मग काय करणार? मीच उंबऱ्यात आडवा झालो आणि त्याला पोटाशी धरून ठेवला. "चला, होऊ द्या सुरू!" एकेक जण आम्हा दोघांना ओलांडून बाहेर जायला लागला.

नेमके तेव्हाच पाव्हणे आले. बैलांच्या दमणीतून उतरले, फेटा सारखा केला आणि बघतात तर होणारा जावई दारात आडवा! कुत्रं माझ्या उपरण्याखाली होतं, ते त्यांना काय दिसणार?

"हे काय चालू हाय?" त्यांनी बन्सीशेठना विचारलं.

"वाढ खुंटली, ती उतरवून राह्यले," शेठ म्हणाले.

पाटलांनी माझ्याकडं अशा मायेनं पाहिलं की काय सांगू! माणूस खरंच भला. "मंग आपलंबी पाऊल लागू द्या," म्हणाले, आणि मला ओलांडून थेट आत!

अहो, या माणसानं पूर्वी कधी ओलांडलं नव्हतं! म्हणजे हे नव्यानंच लागलं! सगळ्या गावाचं उतरवलं आणि यानं परत चढवलं! मी पडल्या पडल्या ओरडलो, "माघारी जा! पाव्हणं, आधी माघारी जा!"

घरात पाऊल टाकलेल्या पाव्हण्याला असं कुणी म्हणतं का? पाटलांचा चेहरा काळवंडला. ते तसेच वळले, मला ओलांडून बाहेर पडले. आणि मी मूर्ख काय म्हणालो असेन?

"हां! आता बराबर!"

आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. हातापाया पडून तिनं पाटलांना ओट्यावर बसवलं, सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते. माझ्या हातून सुटलेला बहाद्दर त्यांच्या पायाशी गेला, दोनदा गोल फिरला आणि गाढ झोपला. मी लगबगीनं कोळसा घेऊन पुढं झालो, म्हटलं झोपलाय तोवर लांबी तरी मोजू.

"ठिवा तो कोळसा!" पाटील गरजले. मग आईकडं वळून म्हणाले, "बाई, कुत्रं मला पसंत हाय."

"अन् पोरगा?" आईनं भीत भीत विचारलं.

"पिल्लू निजेत वाढतं. हा मानूस कुत्र्याला निजू देत न्हाई, माझ्या लेकीला काय देईल?"

बहाद्दरला मांडीवर घेऊन पाटील दमणीत बसले आणि गेले. मुलगी राहिली धावड्यात, कुत्रंही गेलं धावड्याला. मी उंबऱ्यात, हातात कोळसा!

वर्षभरानं बाजारात पाटील भेटले, बहाद्दर सोबत होता. निवांत खाऊन झोपून असला वाढला होता की त्याचं डोकं माझ्या छातीला लागलं. त्यानं मला ओळखलं बरं का. मला पाहिलं आणि जवळच्या खांबाला टेकून ताठ उभा राहिला!

पुढं माझंही लग्न झालं, दुसरीकडं. पण आता तुम्ही म्हणाल, रामराव, एवढा वेळ बसून सांगताय, जरा उभं राहून दाखवा, बघू तरी किती उंची आहे ती.

अहो, मघापासून उभाच आहे मी!