कालवफोड्या आणि आमचे दाजी : रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे दोन दिवस

कोल्हापुरात पाखरं कमी आहेत म्हणून मी कोकणात गेलो नाही. हिवाळ्यात आमच्या रंकाळ्यावरही बदकांची बऱ्यापैकी जत्रा असते. पण मला सहा वर्षांपासून एकच पक्षी बघायचा होता आणि तो गोड्या पाण्याला फिरकत नाही. काळं-पांढरं अंग, गाजरासारखी लालभडक लांब चोच. खडकाला चिकटलेली कालवं त्या चोचीनं उघडून खातो, म्हणून नाव कालवफोड्या. थंडीत तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरतो. माझ्या वहीत त्याच्यापुढची जागा कोरीच होती.

२००७च्या डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आटपलं आणि दोन दिवस मोकळे मिळाले. मी एस.टी.चं वेळापत्रक बघत होतो, तेवढ्यात इचलकरंजीहून आक्काचा फोन आला.

"तू रत्नागिरीला चाललायस न्हवं? ह्यास्नी घिऊन जा."

'हे' म्हणजे माझे दाजी. तीस वर्षं त्यांनी यंत्रमाग चालवले. आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये, मग स्वतःचे चार. दिवाळीत ते चारही विकले आणि तेव्हापासून घरात त्यांच्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. माणूस लाखाचा, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हैस दावं तोडेल. पक्षीनिरीक्षणाला दाजी म्हणजे ग्रंथालयात बँजो पार्टी. पण आक्कापुढं माझं काय चालतंय?

सकाळी सहाला दाजी त्यांची जुनी ओम्नी घेऊन दारात हजर. कापडाचे तागे वाहायला मागची सीट कधीच काढून टाकलेली.

"जयभीम मास्तर! पाखरं बघायला दीडशे किलोमीटर? आमच्या पत्र्यावर कबुतरं काय कमी हाईत व्हय?"

अख्खी कॉलनी जागी झाली.

मलकापूर, आंबा घाट आणि एक ट्रक

वाट सोपी आहे. कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, रत्नागिरी. आरामात चार-साडेचार तास धरा. मलकापूरला थांबून चहा आणि गरम भजी खाऊन घ्या, घाट उतरेपर्यंत पोट शांत राहतं. घाटाच्या माथ्यावर आम्ही दहा मिनिटं उतरलो. दरीतून धुकं वर येत होतं आणि झाडीत शीळ घालणारा कस्तूर ऐकू येत होता. मी दाजींना खूण केली, ऐका म्हणून. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "व्हय, झ्याक हाय दरी."

घाट उतरताना मात्र माझा जीव टांगणीला लागला. मागून एक ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता आणि दाजी रस्त्याच्या मधून ढिम्म हलेनात. शेवटी ट्रक एका वळणावर घासून पुढं गेला आणि दाजी दचकून ओरडले, "हॉर्न द्यायला काय हुतंय ह्यास्नी!"

मला वाटलं, माणूस हट्टी आहे. गप्प बसलो.

रत्नागिरीतून उत्तरेला किनाऱ्याकडं वळलो आणि खाडीच्या मुखाजवळच्या एका लहान गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं एकच घरगुती सोय आहे आणि गर्दी झाली तर पाखरंही जातील. घर सुमतीकाकींचं. माडांच्या सावलीत दोन खोल्या, विहिरीचं पाणी, दोघांचं राहणं-जेवण तेव्हा दिवसाला चारशेच्या आत. दुपारी बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. दाजींनी तीन भाकऱ्या संपवल्या आणि काकींना विचारलं, "काकी, तुमच्यात नारळ न घालता काय करत्यात का?"

"करतो की," काकी म्हणाल्या. "पाणी तापवतो आंघोळीला."

संध्याकाळी भरतीच्या रेषेवरून फेरी मारली. कुरवांचे थवे, दोन-तीन जातींचे सुरय, ओल्या वाळूवर चावी दिल्यासारखे पळणारे चिखल्या पक्षी, माडाच्या शेंड्यावर ब्राह्मणी घार. आणि इथं दाजींनी मला चाट पाडलं. मी दुर्बीण फोकस करेपर्यंत ते नुसत्या डोळ्यांनी सांगायचे, "त्या तिसऱ्या होडीच्या मागं एक हाय. चोच कोयत्यागत खाली वाकल्याली." तो कर्ल्यू निघाला. चालत्या मागावर तुटलेला एक धागा हेरणारी नजर ती, तिला पाखरू किती लपणार!

पाणी मागून येतं

नवख्यांसाठी एक सूचना. समुद्रपक्षी बघायचे तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे ओहोटी असते, मग सकाळभर पाणी चढत जातं आणि चिखलावर पांगलेली पाखरं आपोआप तुमच्या दिशेला सरकतात. आम्ही गेलो ती पौर्णिमाच होती.

पहाटे काकी चुलीकडं तोंड करून चहा उकळत होत्या. तशाच पाठमोऱ्या बोलल्या, "ओहोटीला तो वाळूचा दांडा उघडा पडतो. त्यावर जाताय तर जा, पण आठनंतर थांबू नका. पाणी समोरून येत नाही हां, मागच्या चरातून येतं. कळायच्या आत भरतं."

"बरं, बरं," दाजी कपाकडं बघत म्हणाले.

किनारा आणि तो दांडा यांच्यामध्ये एक चर होता. आम्ही गेलो तेव्हा त्यात घोट्याएवढंच पाणी. मी अलीकडच्या चिखलात तुतवार मोजत बसलो. छोट्या पाखरांची मोजणी म्हणजे एकदा नजर हलली की पुन्हा एकपासून सुरुवात. दाजी कंटाळले. कपाळावर हात धरून त्यांनी दांड्याच्या टोकाकडं पाहिलं.

"मास्तर, त्या खडकावर काळी-पांढरी पाच हाईत. चोच लाल दिसत्या."

मी लगेच तिकडं वळलो. दुर्बिणीतून ठिपक्यांपलीकडं काही कळेना.

"तुम्ही तुमचं मोजा, मी बघून येतो. उडवत न्हाय, काळजी नगं," म्हणत ते निघालेसुद्धा. मी म्हटलं, एवढी ओळ संपवतो आणि जातो.

ती ओळ संपायला बराच वेळ गेला. मला भान आलं ते होडीजवळ जाळं दुरुस्त करणाऱ्या एका कोळ्याच्या हाकेनं. "ओ पाव्हणे, तुमच्या माणसाला बोलवा! चर भरला!"

वर बघितलं तर घोट्याएवढा चर आता चांगला रुंद झाला होता आणि त्यातून पाणी वेगानं आत शिरत होतं. पलीकडं, टोकाला, दाजी आमच्याकडं पाठ करून उकिडवे बसलेले. मी ओरडलो. "दाजी!" हालचाल नाही. पुन्हा ओरडलो, कोळी ओरडला, आम्ही दोघं मिळून ओरडलो. वारा समुद्राकडंच वाहत होता, आवाज तिकडंच जात होता. जवळचे चिखल्या पक्षीसुद्धा दचकले. दाजी मान वळवेनात.

त्या क्षणी मला घाटातला ट्रक आठवला. मग कस्तुराची शीळ. मग काकींची पाठ. सगळं एकदम लक्षात आलं.

चरात उतरलो तर पाणी मांडीपर्यंत, आणि ओढ अशी की पाय टिकेना. "एकटं पुढं जाऊ नका!" कोळी ओरडला आणि दोर आणायला होडीकडं पळाला. चराच्या पलीकडच्या काठावर दोनेकशे कुरव निवांत बसले होते. त्यांच्या पलीकडं दाजी, आणि दाजींच्या पुढं माझे पाच कालवफोडे. सहा वर्षं वाट पाहिलेले.

मी अंगातला शर्ट काढला, तो डोक्यावर गरगर फिरवत, बोंबलत, पाणी उडवत कुरवांच्या रोखानं घुसलो. अख्खा थवा उठला. त्याच्या भीतीनं पुढचे सुरय उठले आणि सगळ्यात शेवटी ते पाचही जण. पंखांवरची पांढरी पट्टी लखकन दिसली, पाच लाल चोची उन्हात चमकल्या आणि खाडीच्या आतल्या बाजूला दिसेनाशा झाल्या.

दाजी ताडकन उठून वळले. इतक्या लांबूनही त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"उडवलासा की वो सगळी! काय मास्तर हाईसा का कोण!"

मग त्यांची नजर पाण्यावर गेली.

कोळ्यानं दोर उंचावून हातानं दाखवलं, तिथून नको, वरच्या अंगानं, चराजवळच्या दुसऱ्या खडकाकडून. दाजींना ती खूण बरोबर कळली. ते त्या खडकापर्यंत पळत आले आणि पाण्यात उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीला लागलं. कोळ्यानं टाकलेला दोर त्यांनी मनगटाला गुंडाळला, आम्ही दोघांनी ओढलं. काठावर आल्यावर दाजी वाळूवर बसले आणि बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले.

मी त्यांच्या समोर जाऊन बसलो, तोंड दिसेल असा. "दाजी, कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यांनी आधी खाडीकडं बघितलं. मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हळू बोलले.

"चार-पाच वर्सं झाली. आदी कुकरची शिट्टी गेली. मग फोनची घंटी. मागाच्या खडखडाटात तोंड बघून बोलणं कळायची सवयच हाय आमास्नी, म्हणून भागलं. माग इकलं त्ये बी त्याच्यापायीच. येक दिस मागाचा धोटा नीट चाललाय का वाकडा, त्येच आवाजावरनं कळंना."

"आक्काला सांगितलंत?"

"न्हाय. बहिऱ्या माणसाला लोक येडं समजत्यात, मास्तर. तुमी बी नगा सांगू."

घरी परतल्यावर काकींनी चहा केला आणि या वेळी दाजींच्या पुढ्यात बसून दोघांनाही मनसोक्त झापलं. ते झाल्यावर दाजींनी मला कालवफोड्याचं वर्णन ऐकवलं. मी उडताना पाहिले ते काही क्षण, पण त्यांनी अर्धा तास दहा पावलांवरून पाहिले होते. "चोच न्हाय ती, स्क्रू-ड्रायव्हर हाय. कालवाच्या फटीत घालतंय, एक हिसका, की झाकण उघडं. लाल डोळा. आन एक लंगडं हुतं त्यात, पर त्येबी खात हुतं पोटभर." मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं.

परत

येताना गाडी मी चालवली. दाजींनी कुरकुर केली नाही. साखरप्याला चहा घेतला, घाट चढलो, मलकापूर मागं पडलं. दोन दिवसांत एकूण चौतीस जाती झाल्या. थेट इचलकरंजी गाठली, कारण वाटेत दाजी आपणहून म्हणाले होते, "मीच सांगतो तिला. तुमी फकस्त शेजारी बसा."

त्यांनी सांगितलं. आक्का भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला म्हाईत न्हाय व्हय? चार वर्सं झाली, तुमच्यासंगं बोलायचं असलं की म्होरं यिऊन उभी ऱ्हाते. पाय दुखाय लागलं आता."

दाजी खाली मान घालून हसायला लागले. आक्का काही हसली नाही. तिनं पदरानं डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेली.

जानेवारीत मिरजेच्या डॉक्टरांकडून दाजींना कानाचं यंत्र बसलं. पहिला आठवडा त्यांनी ते शिव्या देत घातलं, पंखा फार वाजतो, शेजारणीची भांडी फार वाजतात. मी तुम्हाला ही सहल जरूर करा म्हणेन. दुर्बीण न्या, पंचांग बघा आणि वाळूच्या दांड्यावर कधीही एकट्यानं जाऊ नका. कालवफोड्याची जागा मी वहीत भरली. पुढं कंसात 'उडताना' लिहिलं आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

यंत्र बसल्यानंतर एका रविवारी सकाळी दाजींचा फोन आला.

"मास्तर, आमच्या दारच्या जास्वंदीत कोन तरी बसलंय. दिसंना झालंय, पर मघापासनं वराडतंय. कोन हाय बघा."

त्यांनी मोबाइल झाडाकडं धरला असावा. टुविट-टुविट-टुविट, खणखणीत. मी सांगितलं, शिंपी. अंगठ्याएवढा पक्षी, पानं शिवून घरटं करतो.

"ह्यो बी लांबनं आलाय काय, थंडीचा?"

"नाही दाजी. हा कुठं जात नाही. बारा महिने इथंच असतो."

दाजींनी फोन पुन्हा झाडाकडं धरला. बराच वेळ आम्ही दोघं त्या शिंप्याला ऐकत राहिलो.