बहिणीची म्हैस

त्या वर्षी मार्गशीर्षात मेहुणे आसेगावहून माझ्या बहिणीची म्हैस हाकत शिरपूरला आमच्या घरी आले. "कापसाच्या गडबडीत हिच्याकडं पाहायले कोनी नाई," एवढंच बोलले आणि चहा पिऊन परत फिरले. पावसाळ्यात म्हशीला खुरकूत झालं होतं. तोंड आल्यामुळं तिनं चारा सोडला आणि ऐन हिरव्या गवताच्या दिवसांत तिच्या बरगड्या वर आल्या.

पौषात थंडी पडली. आमची म्हैस गोठ्यात निवांत रवंथ करत बसे. बहिणीची मात्र पाठ वाकवून थरथरत उभी. मी पोत्यांची झूल शिवून तिच्या अंगावर टाकली, गोठ्यात शेकोटी केली, तरी थरथर थांबेना. जेवता जेवता उठून मी तिला पाहायला जायचो. बहिणीच्या सासरचं जनावर आपल्या दावणीला मेलं तर तिकडं काय तोंड दाखवायचं?

"नुसत्या झुलीनं काय होते?" आई म्हणाली. "आपलीनं पावसाळाभर खाल्लं, ते चरबी होऊन कातड्याखाली बसलं. तेच आता तिले ऊब देऊन राह्यलं. हिच्या अंगात हाय काय जळायले?"

मग सरकीची ढेप भिजवून थोडी थोडी द्यायला लागलो. रोज पाठीवर हात फिरवायचो. हाताला हाडच लागायचं.

संक्रांतीला बहीण आली ती पाणीही न पिता सरळ गोठ्यात. भर दुपारच्या उन्हात तिनं पदर अंगाभोवती घट्ट लपेटला होता. आईनं तिचा हात धरून वर केला, तशा बांगड्या कोपराकडं घसरल्या.

"काय झालं होतं तुले?"

"हिवताप. अंथरूनच धरलं होतं. तुमाले घोर नको म्हनून मीच सांगू देल्लं नाई."

आईनं तिला चुलीजवळ बसवलं आणि तूप कढवायला घेतलं.

फाल्गुनात मेहुणे न्यायला आले, तोवर म्हशीची पाठ भरली होती. "म्हैस न्या," आई म्हणाली. "पोरगी अजून भरली नाई. उन्हायात पाठवतो."

मेहुण्यांनी मान डोलावली. बहीण म्हशीमागं वेशीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

"तिथं तिले ढेप कोन भिजवून देईन?" हेच ती दिवसभर विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढेप भिजवून द्यायला मीच उठून आसेगावची वाट धरली.