जोडीनं आलेलं उत्तर

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात आम्हाला फोरट्रान ही कॉम्प्युटरची भाषा शिकवणाऱ्या सरांना शंका विचारलेली खपत नसे. मी एकदा विचारलं, "सर, भाग दिला की भागाकार आणि बाकी, दोन्ही जोडीनं परत देणारं फंक्शन लिहिता येईल का?"

सर कडाडले, "फंक्शन एकच उत्तर देतं! दोन हवीत तर दोनदा विचार. दोन उत्तरं एकदम देते ती भाषा नव्हे, बाजार!"

वर्ग हसला. आणि मी गाढव, तोच मंत्र घेऊन सुट्टीत नेवाशाकडच्या आमच्या गावी आलो.

वडिलांचा पाय मोडलेला, जुनी बैलजोडी थकलेली, आणि रानाला वाफसा आलेला. पेरणीजोगी ती ओल फार तर चार दिवस टिकणार.

"घोडेगावच्या बाजारातनं जोडी आन," वडील म्हणाले. "लई शानपना करू नको."

केलाच! जोडीत एक बैल खणखणीत आणि दुसरा गळ्यात मारलेला असतो, अशी माझी अक्कल. म्हटलं, दोनदा विचारू. एक बैल एकाकडून घेतला, दुसरा दुसऱ्याकडून, दोन्ही बाजारात अव्वल, आणि मिशीला पीळ देत घरी आलो. मिशी तेव्हा फुटली नव्हती, तो भाग वेगळा.

सकाळी पेरणीच्या पाभरीला जुंपले, तर दोघांची नुसती ढकलाढकली. वडील बांधावर बाज टाकून बसले होते. तिथूनच ओरडले, "आरं, दोन्ही उजव्या अंगाचे हायेत की!"

जन्मभर जुवाच्या उजव्या बाजूला चाललेले बैल ते, डावीकडे राहायला एकही राजी नाही. प्रत्येक उत्तर बरोबर, पण एकमेकांचं कुणीच नाही. शेतकऱ्याच्या पोरानं बैलाचं अंग विचारू नये? थू माझ्या शिक्षणावर!

ओल जाण्याआधी कशीबशी पेरणी उरकली. ओळी मात्र अशा वाकड्या उगवल्या की येणारा-जाणारा थांबून बघायचा.

"कॉलेजची पेरनी व्हय?" शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्यानं खवचटपणे विचारलं.

"न्हाई, माजी," वडील म्हणाले. "जोडी कशाला म्हंत्यात, ते मीच पोराला नीट सांगितलं न्हाई."

मला तिथंच रडू आलं. सर असं कधी म्हणाले नसते.

त्या वर्षी परीक्षेत नेमका तोच भागाकार-बाकीचा प्रश्न आला. उत्तर जोडीनंच परत द्यावं, आणि डावं कोणतं, उजवं कोणतं तेही सांगून द्यावं, असं मी ठासून लिहिलं आणि खुशाल नापास झालो.