जावयाची बाजू

घरजावई म्हणून मला तोंडावर कोणी कधी हिणवलं नाही. अकोल्याच्या माणसांना त्या वर्षांत तेवढी सवड नव्हती. दूर कुठं तरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि इकडं कापसाला असा भाव आला, की माणसं तुळशीखालच्या मातीकडंही वेगळ्या नजरेनं बघायला लागली. वांगी गेली, मिरची गेली, फुलांचे वाफे गेले. एकट्या माझ्या सासऱ्यांनी मळ्यात कापूस लावला नाही. नदीकाठच्या दर्ग्यावर दर जुम्मेरातला, म्हणजे गुरुवारी, त्यांच्या घरून फुलांची चादर जायची. बापापासूनची चाल आहे, एवढंच ते म्हणायचे.

सासऱ्यांना मुलगा नव्हता. मी मोर्शीकडून आलेला जावई, आणि शेजारी त्यांचा पुतण्या, ज्याला आमच्या झेंडूतही बोंडं दिसायची. मळा पुढं कोणाचा, हे सासरे काही केल्या बोलत नव्हते. आठ वर्षं मी त्या एका वाक्यासाठी कान टवकारून होतो. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून बाकी सगळ्या विषयांवर मी फार बोलायचो.

दर्ग्याची देखभाल करणारे मुजावर फार थकले होते. त्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांनाही मुलगा नव्हता. एक जावई होता, अबोल, सासऱ्याचे पाय चेपणारा. आणि एक जुने सोबती होते, ज्यांना आम्ही चाचा म्हणायचो. चाचा तीस वर्षं दर्ग्यातच राहत होते, त्यांना दुसरं घर नव्हतं. बाबांनी खाट धरल्यापासून दिवा तेच लावत.

एका जुम्मेरातला आम्ही सासरा-जावई चादर घेऊन गेलो, तर हिवरखेडचे गाडीवान कापसाच्या गाड्या सोडून निंबाखाली बाबांच्या खाटेभोवती बसले होते. त्यातल्या एकानं सरळ विचारलं, "बाबा, तुमच्या मांगं इथं कोन बसनार?"

बाबा हसले आणि उत्तर द्यायचं सोडून मदिनेची गोष्ट सांगू लागले. पैगंबरसाहेब आजारी पडले, तेव्हा नमाजाला पुढं उभं राहायचं काम त्यांनी आपल्या जुन्या सोबत्याला दिलं. हे सोबती त्यांचे सासरेही होते. मग पैगंबरसाहेब गेले. त्यांचे जावई, जे चुलतभाऊही होते, घरातल्या माणसांबरोबर मयताला अंघोळ घालायच्या तयारीत होते. तेवढ्यात तिकडं एका मांडवात गावची माणसं जमली, की आता पुढारी कोण? जुने सोबती तिथं गेले, बोलाचाली झाली आणि लोकांनी पुढारी मानून त्यांच्याच हातात हात दिला. जावयांनीही पुढं हात दिला. कोणी म्हणतं लगेच, कोणी म्हणतं काही महिन्यांनी. त्यांची पाळी चौथी आली.

"मंग हक्क कोनाचा होता?" गाडीवानानं विचारलं.

"त्याच्यावर आमची मोठमोठी मानसं आजवर एक झाली नाही," बाबा म्हणाले. "मी तर मुजावर आदमी."

पण गाडीवानांना मोठमोठ्या माणसांची वाट बघायची नव्हती. त्यांनी तिथंच निकाल लावायला घेतला. ज्यांनी मदिना कुठल्या दिशेला हेही कधी विचारलं नव्हतं, ते कुणबी-माळी हातवारे करून भांडू लागले. थोड्या वेळानं मला एक गंमत दिसली. ज्यांच्या घरी लग्न झालेल्या मुली होत्या, ते सगळे जुन्या सोबत्याच्या बाजूनं. ज्यांची सासरवाडी जवळपास होती, ते सगळे जावयाच्या बाजूनं. एक गाडीवान दोन्हीकडून बोलत होता. त्याच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं.

सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच माझा. घरचं माणूस ते घरचं, सेवा जावयानं करायची आणि मान दुसऱ्यानं घ्यायचा काय, असं मी मदिनेचं नाव घेऊन मळ्याबद्दल बोलत होतो. सासरे चादरीच्या कडेची सुकलेली फुलं खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही. घरी जाताना एवढंच म्हणाले, "उद्या शेवंतीले पानी द्या लागते."

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, बाबा गेले. आम्ही पोचलो तेव्हा निंबाखाली पंचवीस-तीस माणसं जमली होती आणि दर्ग्याच्या किल्ल्या कोणाकडं जाणार यावर बोलणं सुरू झालं होतं. चाचा एका बाजूला भिंतीला टेकून बसले होते. किल्ल्या जावयाकडं गेल्या तर म्हातारपणी आपण कुठं जायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि तरीही जावयाची बाजू घेऊन पुढं झालो. काय बोललो मी! तसा मी पुन्हा कधी बोललो नाही. आतून मधूनमधून कोणीतरी हाक मारत होतं. मला वाटलं, बायका असतील.

मग पडवीतला पडदा सरकला आणि बाबांचा जावई बाहेर आला. कोपरापर्यंत भिजलेला, डोळे लाल. त्याच्या मागं माझे सासरे, रिकामी घागर घेऊन, लंगडत. त्यांचा गुडघा विहिरीच्या पायऱ्या मानत नसे, हे मला ठाऊक होतं.

जावयाच्या हातात किल्ल्या होत्या. बाबांच्या कमरेच्या करगोट्यालाच बांधलेल्या असायच्या, अंघोळ घालताना त्यानं सोडल्या असतील. तो कोणाकडं न बघता चाचांपाशी गेला आणि किल्ल्या त्यांच्या ओंजळीत ठेवल्या. "चाचा, दिवा तुमीच लावा," म्हणाला. चाचा लहान मुलासारखे रडले. माझं भाषण अर्ध्यावरच राहिलं, आणि ते कोणी पुरं करायला सांगितलं नाही.

माती देऊन परतताना सासरे लंगडतच चालत होते. मग म्हणाले, "तो पोरगा पानी मांगून राहिला होता. तवा तुमी कुठं होते, जवाई?"

"त्याच्याच बाजूनं बोलून राहिलो होतो, मामाजी."

"मी मरीन तवा माह्या बाजूनं काही बोलू नका," ते म्हणाले. "पानी आना."

मला इतकी लाज वाटली, की मी त्यांच्या मागं दहा पावलं ठेवून चालू लागलो. पण खरं सांगतो, त्या लाजेतही एक गोष्ट मी ऐकलीच. ते मरताना जवळ मीच असेन, असं त्यांनी धरलं होतं.

चार वर्षांनी ते गेले. पुतण्या आणि भाऊबंद अंगणात जमून मळ्याचं काय ते बोलू लागले. मी उठलो नाही. विहिरीवरून पाणी मीच आणलं, त्यांच्या अंगावर मीच घातलं, तो दुखरा गुडघासुद्धा सावकाश धुतला. पुढं मळा मलाच मिळाला, आणि जावई कसा असावा म्हणून गाव त्या दिवसाचा दाखला देतं. मी ते ऐकून घेतो. हात माझे पाण्यात होते, पण कान सगळा वेळ अंगणात होते, हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.