पोटुशीला ताक नाही

नातसून बजाजनगरात राहते. तिला सहावा महिना आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला रोज वाटीभर दही खायला सांगितलंय. दह्यातले जंतू आईच्या पोटाला चांगले असतात म्हणे. ती माझ्यासमोर दही खाते आणि मी दुसरीकडे बघते.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी रांगत होते. पुढं लग्न होऊन देवगाव रंगारीला आले. सासरी मेंढरं होती, दोन म्हशी होत्या. सासू रोज सकाळी ताक घुसळायची. घरचे प्यायचे, शेजारणी तांब्या भरून न्यायच्या, उरलं तर कुत्र्याला. मला दिवस गेले आणि माझं ताक बंद झालं. पोटुशी ताक प्याली की बाळ गारठतं, असं त्या घरात मानत.

सातव्या महिन्यात मला हगवण लागली. थांबेना. मालक मला औरंगाबादला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ताक-भात खायला सांगितलं. अंगातलं पाणी कमी झालंय, बाळाला धोका आहे, असंही बजावलं.

घरी आल्यावर मालकांनी ते आईला सांगितलं.

"डागदर कधी बाळंत झालाय का?" सासू म्हणाली. "माझं पहिलं लेकरू ताकानंच गेलं. सासूपासून चोरून पीत व्हते मी."

"आये, पण तिच्या अंगात पाणी राहिलं नाय."

"तू मेंढरं बघ. बायांच्यात बोलू नको."

मालक मेंढरं बघायला गेले.

सासू वाईट नव्हती. माझी घाण झालेली लुगडी तीच धुवायची. ओवा भाजून चारायची, माझ्यासाठी देवाला नवस बोलली. फक्त ताक देईना. गोळ्या संपल्या, हगवण राहिली. आठवा लागायच्या आत कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, एवढीशी. रडली नाही. दुपारपर्यंत श्वास घेत होती, मग थांबली. ताकानं ती वाचली असती का, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही.

तिला पुरून माणसं परत आली. सासूनं माझ्यासमोर ताकाचा तांब्या ठेवला.

"पी आता," ती म्हणाली. "बाधायला कुणी राहिलं नाय."

मी एका दमात प्याले. चांगलं लागलं. सासू भिंतीकडं तोंड करून रडत होती. मी रिकामा तांब्या तिच्यापुढं धरला आणि अजून मागितलं.